बसा, मागवतो

अण्णा, तुझ्या नावाची एक खोली निघाली आहे. इंदिरानगरच्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर, चारही बाजूंनी काच. दारावर इंग्रजीत तुझं नाव आणि आत आठ खुर्च्या, ज्यांतल्या एकीवरही तू कधी बसला नाहीस. त्या ऑफिसात तू मोजून दोनदा आलास. दोन्ही वेळा दारात चपला काढल्यास आणि रिसेप्शनवरची मुलगी तुझ्या पायांकडे बघत राहिली. आता त्याच दारात तुझा फोटो लावला आहे, जवळजवळ माझ्या उंचीचा. तू गेलास त्याच्या नवव्या दिवशी निखिलनं तिथं शोकसभा घेतली.

मी गेले होते. वहिनींना मी येऊ दिलं नाही. मागे भिंतीला टेकून मी त्याचं भाषण ऐकलं. "अण्णा वॉज द सोल ऑफ दिस कंपनी," असं म्हणताना त्याचा आवाज नेमका हवा तिथं फुटला. मग त्यानं त्या खोलीचं उद्घाटन केलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि कागदी कपातून कॉफी आली. त्या कॉफीला मी हात लावला नाही. तुझा शब्द ज्यानं शिवाजीनगरच्या बाजारात मातीमोल केला, तो तुझ्या फोटोला हार घालत होता. मी तिथंच ठरवलं, की तुझा शब्द बाजारात परत आणायचा आणि ह्या माणसाला त्याच बाजारात त्याची जागा दाखवायची.

तू काय म्हणाला असतास ते मला पाठ आहे. "अक्का, सोड की. हुडुगा आहे तो." हुडुगा म्हणजे पोरगा. चाळिशीला टेकलेला पोरगा! तुझ्या ह्या चांगुलपणाचा मला जिवंतपणी राग यायचा, अजूनही येतो. मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. मी भांडणार आहे, कारण आपलं भांडण अर्धं राहिलं आहे.

आपली ओळख झाली ती माझ्या आईच्या शिवणयंत्रामुळे. आई बेळगावहून ह्या मोठ्या कानडी शहरात, महादेवपुऱ्यात, माझ्याकडे राहायला आली ती ते जुनं धूड बरोबर घेऊनच, आणि आठवड्याभरात त्याचं शटल मोडलं. कुणीतरी शिवाजीनगरातली तुझी गल्ली सांगितली. वीस-बावीस दुकानं, सगळी शिवणयंत्राच्या सुट्या भागांची. तू शटल उलटसुलट करून पाहिलंस, माझं मराठी ऐकून खुललास आणि स्टूल पुढे सरकवून म्हणालास, "बसा, मागवतो."

मी बसले. तू शेजारच्या दुकानाकडे तोंड करून कन्नडमध्ये हाळी दिलीस. शेजाऱ्यानं त्याच्या शेजाऱ्याला दिली. प्रश्न गल्लीतून लांब लांब जाताना मला ऐकू येत होता. माझा चहा संपायच्या आत शटल ह्या हातातून त्या हातात असं परत आलं, सहाव्या दुकानातून. मी विचारलं, "त्यांच्याकडे आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"मला कुठं गोत्तु?" तू म्हणालास. गोत्तु म्हणजे ठाऊक. "मी सुम्ने, आपलं नुसतं, शेजाऱ्याला विचारलं."

त्या वेळी मी ज्या कंपनीत होते तिथं आम्ही दहा-बारा जण ह्याच गोष्टीवर डोकं फोडत होतो, की यंत्रांनी मधल्या मोठ्या सर्व्हरशिवाय एकमेकांशी थेट कसं बोलायचं. पीअर-टू-पीअर म्हणतात त्याला, बरोबरीच्यांचं जाळं. आम्ही त्यावर नुसत्या सभा घेत होतो आणि तुम्ही तीन पिढ्या ते ओरडून चालवत होतात. मी दुसऱ्या शनिवारी परत आले, शटल नको असताना. त्या शनिवारपासून तू मला अक्का म्हणू लागलास, मी तुझ्याहून सात वर्षांनी लहान असूनही, आणि मी तुला अण्णा. तुम्ही-आम्ही तिथंच संपलं.

मग दोन वर्षांचे शनिवार. कल्पना एवढीच होती, की प्रत्येक दुकानाच्या फोनमध्ये त्या दुकानाचा माल. तुझ्या फोननं शेजारच्या फोनला विचारायचं, त्यानं पुढच्याला. मध्ये कुणी नाही. मध्ये कुणी नाही म्हणजे भाडं नाही, वरून सगळ्यांच्या मालावर नजर ठेवणारा कुणी नाही, आणि बाहेरचं इंटरनेट बंद पडलं तरी गल्लीतले फोन आपापसांत बोलत राहणार. दुकानं वाढली की खर्च वाढत नाही, जाळ्याची ताकद वाढते. मी तुला सांगायची, अण्णा, उद्या हुबळी, परवा तिरुपूर, मग इचलकरंजी, जिथं मशीन आहे तिथं अशी गल्ली आहेच. तू मान डोलवायचास आणि म्हणायचास, "सरी. पण आधी खादरसाबचा फोन चालू राहू दे."

खादरसाबचं तेव्हा मी फार मनावर घेतलं होतं. समोरच्या रांगेतलं सगळ्यात जुनं दुकान, आणि हा गृहस्थ बॅटरी वाचवायला फोन दिवसभर बंद ठेवायचा. स्वतःला काही विचारायचं असलं की तेवढा चालू. नुसतं घ्यायचं, द्यायचं काही नाही. अशी माणसं वाढली की असं जाळं मरतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. आठवडाभर खपून मी एक नियम लिहिला, की जो फोन बंद ठेवील त्याचा प्रश्न कमी दुकानांत फिरेल. तू तो नियम लावू दिला नाहीस. एक चार्जर विकत आणलास आणि खादरसाबच्या गल्ल्याजवळ स्वतःच्या हातानं खिळा ठोकून टांगलास. दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोन बंद झाला नाही. मी तो नियम पुसून टाकला, पण तुला तसं कधी सांगितलं नाही.

आपलं खरं वाजलं ते "नाही"वरून. मला फोनवर "नाही" असं एक बटन हवं होतं. "फोनला नाही म्हणता आलं पाहिजे की रे," मी म्हणायची. "नाहीतर प्रश्न फिरतच राहणार आणि सगळ्यांच्या बॅटऱ्या खाणार." तू ऐकायला तयार नव्हतास. तुमच्या गल्लीत गिऱ्हाइकाला नाही म्हणायची पद्धत नाही. आपल्याकडे नसेल तर शेजाऱ्याकडून, त्याच्याकडे नसेल तर त्याच्या शेजाऱ्याकडून, पण तोंडून "बसा, मागवतो" एवढंच. "नाही म्हणायला दुकान कशाला उघडलं मग?" असं तू मला खडसावलंस. शेवटी सात दारांवर तडजोड झाली. सात दुकानं विचारून झाली की प्रश्न आपोआप विझायचा. नाही कुणीच म्हणायचं नाही. "बसा, मागवतो" ह्या शब्दांची दुसरी बाजू तू मला तेव्हा सांगितली नाहीस.

आता निखिल. त्याला आणलं मी. हे तुला माहीत आहे, पण तू कधी तोंडावर म्हणाला नाहीस, म्हणून मीच म्हणते. बाजारात फोन छान चालले होते आणि मला एका प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं, की मध्ये कुणीच नसेल तर धंदा कुणाचा? मोबदला कुणी मागायचा आणि कुठं उभं राहून? तू म्हणायचास, गल्लीच्या गणपतीसारखी वर्गणी काढू. मी हसायची. माझ्याबरोबर काम करणारा निखिल पुण्याचा, बोलण्यात वाकबगार, माणसं जोडणारा. मी त्याला एका शनिवारी दुकानात घेऊन आले. त्यानं चहा उभ्यानंच घेतला. स्टूल तू पुढे केलं होतंस, पण तो बसला नाही. गल्लीतला एकही व्यवहार त्यानं त्या स्टुलावर बसून पाहिला नाही.

"अण्णा, आयडिया सॉलिड आहे," तो म्हणाला. "पण स्केल करायचं तर सेंटर लागतंच."

तोवर आपलं सेंटर म्हणजे तुझ्या दुकानातल्या फळीवरचा जुना कॉम्प्युटर, बॉबिनच्या डब्यांच्या वर, वहिनींनी शिवलेलं फुलाफुलांचं कापड पांघरून बसलेला. सकाळी प्रत्येक फोन त्याला एकदाच विचारायचा, कोण कोण उठलंय? तो नावं सांगायचा आणि बाजूला व्हायचा. पुढचं बोलणं फोनाफोनांत. लग्न जुळवणारा अक्षता पडल्या की आपल्या घरी जातो, तसं. पण वीज गेली की तो कॉम्प्युटर झोपायचा आणि नवे फोन एकमेकांना सापडायचे नाहीत. गल्लीबाहेरच्या फोनांचं तर मोबाइल कंपन्यांच्या भिंतींमुळे थेट बोलणंच जमायचं नाही. हे दोष खरे होते. निखिलनं खोटं काही सांगितलं नाही. एक कंपनी काढायची, ओळख करून देण्याचं काम तिच्या मोठ्या सर्व्हरवर न्यायचं आणि जिथं थेट जमत नाही तिथं प्रश्न त्याच्यातूनच पुढे पाठवायचा, असा तोडगा त्यानं काढला.

तू नको म्हणालास. मधला नको म्हणून तर सगळं केलं, म्हणालास. तुला वेगळंच हवं होतं. दोन दुकानदार समोरासमोर उभे राहतील, एकाचा फोन दुसऱ्याला ओळखेल, आणि अशी माणसागणिक ओळख पुढे सरकेल. मी म्हटलं, "अण्णा, असं केलं तर आपला धंदा शिवाजीनगरच्या बाहेर जायला वीस वर्षं लागतील." आणि मग मी ते वाक्य बोलले, जे मला आता ऐकू येत राहतं. मी म्हणाले, "तो मधला नाही रे, नुसता दारावरचा माणूस आहे."

माझ्यावर विसंबून तू बावीस दुकानांत गेलास. प्रत्येक गल्ल्यासमोर उभा राहून सांगितलंस, "भिऊ नका, तुमचा माल तुमच्या फोनमध्येच राहील, माझा शब्द."

पुढचं सगळ्या गल्लीला माहीत आहे. वर्षभरानं महादेवपुऱ्यात निखिलचं गोदाम उघडलं. गल्लीत ज्या भागांची विचारणा सगळ्यात जास्त, नेमके तेच भाग त्यानं भरले आणि कपड्यांच्या कारखान्यांना थेट विकायला सुरुवात केली. कारखान्यांचे मेकॅनिक गल्लीत यायचे बंद झाले. कुणी काय मागितलं, कुठल्या दुकानात नव्हतं, कुठल्या कारखान्याला किती घाई होती, सगळं त्याला ठाऊक. मी इंदिरानगरला जाऊन त्याच्या टेबलावर हात आपटला. त्यानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि शांतपणे म्हणाला, "सुजाता, चिल. डेटा तर तूच ठेवलास ना? मी फक्त वाचला."

हे मी तुला कधी सांगितलं नाही, अण्णा. आज सांगते. हळूहळू गल्लीतले प्रश्नही सर्व्हरवरूनच जाऊ लागले होते, आणि तिथं येणाऱ्या प्रत्येक प्रश्नाची नोंद राहत होती. ती ठेवायची सोय मीच केली होती, सुरुवातीला, कुठं काही अडलं तर सापडावं म्हणून. आठवड्याभरात ती बंद करायची होती. राहून गेली. नंतर एकदा लक्षात आलं तेव्हा वाटलं, असू दे, उपयोगी पडेल. निखिल हलकट आहेच, त्यात मी एक अक्षर कमी करणार नाही. पण त्याला चोरायला दार मी उघडं ठेवलं होतं.

मग एका दुपारी तू दुकानात परत आलास आणि स्टुलावर न बसता जमिनीवरच्या पोत्यावर बसलास. मी म्हटलं, काय झालं? तू म्हणालास, "खादरसाबनं मला बसवलं."

मला कळलं नाही. तेव्हा तू ती दुसरी बाजू सांगितलीस. गल्ली कुणालाच नाही म्हणत नाही. ज्याला टाकायचं त्यालाही स्टूल पुढे करते, त्यालाही "बसा, मागवतो" म्हणते. मग त्याच्याकडे कुणी बघत नाही. प्रश्न सात दारं फिरून येतो, प्रत्येक दार "मागवतो" म्हणतं, वस्तू येत नाही आणि चहाही येत नाही. किती वेळ बसायचं ते त्याचं त्यानं ठरवायचं. तुझ्या आजोबांनी कुणाला तरी असं बसवलेलं तू लहानपणी एकदा पाहिलं होतंस. तू त्या दिवशी एका साध्या बॉबिन केससाठी दीड तास बसलास, अण्णा. चाळीस वर्षं ज्या गल्लीत उठलास-बसलास तिथं.

तू चिडला असतास तर मला सोपं गेलं असतं. "त्यांचं बरोबर आहे," तू म्हणालास. "शब्द माझा होता." आणि निखिलबद्दल, "हुडुगा आहे. भूक लागली, खाल्लं." मी तुझ्यावर ओरडले. तुझ्या असल्या बोलण्यामुळेच असली माणसं माजतात, तू बावळट आहेस, असं काय काय बोलले. नोंदीचं सांगायचं म्हणून तोंड उघडलं आणि तेवढ्यात एक बाई मशीनचा पट्टा मागायला आली. खरं सांगते, ती आली म्हणून मला हायसं वाटलं. तीन आठवड्यांनी तू गेलास. हृदय बंद पडलं असं डॉक्टर म्हणाले. मला विचारलं असतं तर मी त्यांना दुसरं कारण सांगितलं असतं.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी निखिलला कंपनीचा राजीनामा पाठवला आणि खादरसाबच्या दुकानात गेले. काही मागायला नाही. गल्ल्यासमोर उभी राहिले आणि एका दमात बोलून टाकलं, की चूक अण्णाची नव्हती, नोंद मी ठेवली होती, अण्णाला त्यातलं काही माहीत नव्हतं. खादरसाबनं चष्मा काढून पुसला, स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाला, "बैठो अक्का. मंगातौं."

म्हणजे मलाही बसवलं. मी बसले. तो पुन्हा सुयांची पाकिटं लावायला लागला. माझ्याकडे बघेना. रस्त्यावरून दोन बस गेल्या, तीन गेल्या. मी ठरवलं, की दीड तास तर दीड तास, तू बसलास तेवढा वेळ मीही बसणार. आणि मग समोरच्या टपरीवरून चहा आला, दोन ग्लास.

"हमना पैलेच मालूम था," खादरसाब माझ्याकडे ग्लास सरकवत म्हणाला. "मशीन का काम तुमारा. अण्णा को तो फोन का बटन बी नै आता. सब मिलके पूछे, किसकी गलती? बोला, मेरी. गलती का क्या, होती सबसे. पूरी गल्ली के सामने झूट बोला, उसके वास्ते बिठाया मैं."

म्हणजे तुला माहीत होतं. कसं, कधीपासून, कुणी सांगितलं, हे आता मी कुणाला विचारू? बहुतेक निखिलनंच सांगितलं असेल, मला सुनावलं तसं तुलाही. आणि तू माझं नाव वाचवायला उभ्या बाजारात पहिल्यांदा खोटं बोललास, त्यांनी तुला बसवलं, आणि परत येऊन त्याच पोत्यावर बसून माझ्या शिव्या खाल्ल्यास. मी खादरसाबसमोर रडले. बाजारात, भर दुपारी, चहाचा ग्लास धरून. त्यानं रडू दिलं. मग म्हणाला, "नक्को रो. अब तुम खुद बोले. बस हो गया."

मला बस झालं नव्हतं. मी उरलेल्या एकवीस दुकानांत गेले. प्रत्येक गल्ल्यासमोर तेच सांगितलं, तू शब्द दिलास त्याच जागी उभी राहून. कुणी "कूत्कोळ्ळी" म्हणून बसवलं, कुणी उभ्यानं ऐकलं, एकानं चार वाईट शब्द सुनावले, ते मी ऐकून घेतले. आणि प्रत्येकाच्या फोनमधून कंपनीचं ॲप काढून आपलं जुनं घातलं, तुझ्या फळीवरच्या कॉम्प्युटरच्या काळातलं, कंपनी होण्याआधीचं, सात दारांचं. फक्त ह्या वेळी तो कॉम्प्युटरही मध्ये ठेवला नाही. शेजाऱ्याला शेजारी उभं केलं, ह्याचा फोन त्याच्या फोनसमोर धरला, दोघांनी एकमेकांना ओळखलं, पुढचं दुकान. तुला हवं होतं तसं. नव्या माणसाला आत यायचं तर दोन दुकानदारांनी त्याच्याशेजारी उभं राहायला हवं. निखिलच्या शेजारी कोण उभं राहतंय ते मला बघायचंच होतं.

ह्याचा मोठा धंदा होणार नाही, हे माझं म्हणणं अजून तसंच आहे. वर्गणी निघाली आहे, तुझ्या म्हणण्याप्रमाणे, गणपतीसारखी. हुबळीला जायला खरोखरच वीस वर्षं लागतील. त्या बाबतीत मी हरलेले नाही, एवढं ऐकून ठेव.

आज तुला जाऊन सोळा दिवस झाले. आज सकाळी एका कपड्यांच्या कारखान्याचा मेकॅनिक गल्लीत आला, कितीतरी महिन्यांनी. काजाच्या जुन्या मशीनचा कॅम तुटला होता, कालपासून काम बंद, बायका नुसत्या बसून. निखिलकडे मागितला तर दिवसभर हो-हो करत राहिला, म्हणून हा स्वतःच निघून आला. खादरसाबच्या फोननं विचारलं आणि तिसऱ्या दारावर, आपल्या दुकानात, माझ्या हातातला फोन वाजला. वहिनींनी तुझा बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला. कॅम त्यात होता, तुझ्या अक्षरातल्या चिठ्ठीसकट. तो हातोहात पलीकडे गेला. मेकॅनिक जाताना खादरसाबला म्हणाला, आता इथंच येत जाईन.

दुपारी दोन वाजता निखिल आला. एकटा, घामाघूम, दोन फोन हातात. तुझ्या हार घातलेल्या फोटोकडे त्यानं पाहून घेतलं, मग माझ्याकडे.

"सुजाता, आय नीड अ फेवर. जुन्या काज-मशीनचा एक कॅम हवाय. सगळ्यात मोठ्या क्लायंटची लाईन डाऊन आहे यार. आणि आमच्या स्क्रीनवर शिवाजीनगर पूर्ण ब्लँक दिसतंय, सर्व्हरला काय झालंय कळत नाही."

सर्व्हरला काही झालेलं नाही, अण्णा. तो तिकडे ठणठणीत चालू आहे. त्याला कुणी काही विचारत नाही, एवढंच.

मग तो हळूच म्हणाला, "अण्णांच्या नावानं तरी बघ ना."

तुझ्या नावानं. मी उठले. तुझं स्टूल फडक्यानं झाडलं, त्याच्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "बसा, मागवते."

आत वहिनींनी पाहुणा आला म्हणून चहाचं आधण ठेवलं होतं. माझे शब्द ऐकले आणि त्यांनी गॅस बंद केला.

मी गल्लीकडे तोंड करून तुझ्यासारखी हाळी दिली, काजाच्या जुन्या मशीनचा कॅम, कुणाकडे आहे? शेजाऱ्यानं पाहिलं, स्टुलावर कोण बसलंय ते ओळखलं आणि पुढे ओरडला. त्याच्या शेजाऱ्यानं पुढे. समोरून खादरसाबचा आवाज सगळ्यात मोठा आला, "मंगातौं, मंगातौं!" प्रश्न लांब लांब गेला, सातव्या दारापर्यंत, आणि विझला. निखिल कौतुकानं ऐकत होता. "वॉव," म्हणाला. "हे असं चालतं होय?" इतकी वर्षं हा माणूस ह्या गल्लीवर जगला.

तेव्हापासून तो बसला आहे. समोर बसला आहे म्हणूनच मला हे लिहायला निवांत वेळ मिळाला, तुझ्याच वहीत, तुझ्याच पेनानं. येणारी गिऱ्हाइकं त्याला वळसा घालून पुढे येतात. कारखान्याचं काम केव्हाच सुरू झालं असणार. तिथून कुणी त्याला फोन करून कळवेलही, नाहीतर कळवणारही नाही. मला घाई नाही.

तू असतास तर एव्हाना त्याच्या खांद्यावर हात ठेवला असतास. "हुडुगा, ऊठ. ते काम झालं. स्वल्प चहा घे आणि जा," म्हणाला असतास. म्हणालाच असतास, मला माहीत आहे, आणि मी पुन्हा तुझ्यावर ओरडले असते. पण तू नाहीस, अण्णा. ह्या गल्ल्यामागे आता मी आहे.

पाच वाजत आले. त्यानं आत्ताच मान वर करून तिसऱ्यांदा विचारलं, "आलं का गं?"

मी लिहिता लिहिता, वर न बघता म्हटलं, "बसा. येतंय."